रामटेके काकांचा बसण्याचा सराव

आमच्या शेजारचे रामटेके काका मागच्या हिवाळ्यात रोज सकाळी बुद्धवंदना आटोपली की अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकायचे आणि काहीही न करण्याचा सराव करायचे. गंमत म्हणून नव्हे. अगदी घाम येईपर्यंत.

आमच्या अड्याळ गावात काही न करणाऱ्या माणसांना तोटा नाही. पारावर बघाल तेव्हा चार जण बसलेले असतात आणि त्यांना सराव लागत नाही. पण काकांची गोष्ट वेगळी. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला हा माणूस दुसऱ्याच दिवशी गावाचा मिस्त्री झाला होता. कोणाची मोटर बंद, कोणाचा मिक्सर जळला, कोणाचा कूलर पाणी ओढत नाही, की निघाले काका पक्कड-पाना घेऊन. पैसे घेत नसत. माझं खताचं दुकान त्यांच्या घराला लागूनच आहे. त्यामुळे पंचक्रोशीतल्या बिघडलेल्या वस्तूंची वरात मी रोज बघत असे.

आणि एक दिवस काकांनी मला दुकानात येऊन सांगितलं, "आमी स्पेनले चाललो."

"फिराले?"

"राहाले. तिथं एक व्हिसा भेटते. आपल्या पेन्शनवर राहा, खा, हिंडा. पन काम कराचं नाही. कामच बंद! कायदाच आहे तसा."

"मंग तुमी कसे राहान जी तिथं?"

"तेच तं," काका गंभीर झाले. "आतापासून सवय लावा लागन."

नागपूरचा प्लॉट विकला, पासपोर्ट काढले आणि सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी शेजारच्या कोंढा गावचा एक जण मोटारसायकलला पंपाची मोटर बांधून आला. काका खुर्चीत ताठ.

"काका, घूं घूं करते, पन पानी नाही फेकत."

काकांनी डोळे मिटले. "मी आता स्पेनमधी आहो."

तो बिचारा इकडेतिकडे पाहू लागला. "मंग वापस कधी येता?"

काकांची बोटं मांडीवर वळवळत होती. शेवटी म्हणाले, "थांब. चहाच्या टायमाले येतो."

चहा झाला आणि काका स्पेनहून परत आले. मोटर चालू करूनच पुन्हा गेले.

मोबाइलवरून ते स्पॅनिशही शिकत होते. तिथे नमस्काराला 'ओला' म्हणतात, म्हणून गावभर 'ओला' सुरू झालं. धानाची पोती घेऊन चाललेल्या एका शेतकऱ्याला त्यांनी हात उंचावून "ओला!" म्हटलं, तर त्याने घाबरून बैलगाडी थांबवली आणि पोत्यात हात घातला. "नाही जी साहेब, चांगला वाळला आहे!"

या सगळ्यात काकू कुठेच नव्हत्या. म्हणजे घरातच होत्या, पण बोलत नव्हत्या. एकदा मात्र त्या कुंपणापाशी म्हणाल्या, "तिथं आपल्याले कोन ओळखते?"

"तेच तं पाहिजे," काका म्हणाले आणि खुर्ची सावलीत सरकवली.

काकूंनी माझ्या दुकानातून परसात लावायला मिरचीचं बी नेलं. मी समजून गेलो, यांचा काही जायचा विचार नाही.

मग दोघं व्हिसासाठी मुंबईला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्या आणि त्यांनी बियांचं पाकीट न फोडलेलं परत दिलं.

"काहून काकू? उगवत नाही का?"

"लावलंच नाही." त्या काउंटरला टेकल्या. "तिथल्या सायबानं तुमच्या काकाले इचारलं, काम नाही करान तं दिवसभर काय करान? हे स्पॅनिश पाठ करून गेलते. सारं इसरले. मंग मराठीतच बोलले. एक पोरगी होती तिथं, तिनं सायबाले त्याच्या भाषेत सांगतलं."

"काय म्हनले काका?"

काकू काउंटरवरचं पोतं हातानं सारखं करू लागल्या.

"म्हने, लग्न झाल्यापासून हिच्या हातचं गरम जेवन मी खाल्लं नाही. ताटावर बसलो का कोनीतरी हाक मारते. मले कोनाले नाही म्हनता येत नाही, साहेब. तुमच्या देशात माह्यासाठी कायदाच 'नाही' म्हनते. तं म्हटलं, आता हिच्याजवळ बसावं." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "मले वाटे, मी ताट झाकून बसून राहते, ते या मानसाले दिसतच नाही."

व्हिसा आला. निघण्याच्या दिवशी मी त्यांना वरठीला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीला उशीर होता. दोघं बाकावर शेजारी बसले. काकांनी घसा खाकरला, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"तुले काय आवडते वं?" त्यांनी एकदम विचारलं.

"कायचं?"

"कायचंबी. मले तं काहीच मालूम नाही."

काकू हसायला लागल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "पोहाले."

"तुले पोहता येते?" काका अक्षरशः उठून उभे राहिले. ज्या माणसाने उभा जन्म तलाव आणि कालव्यांवर काढला, त्याला हे ठाऊक नव्हतं.

"माहेरी तलावात पोहाची. या काठच्या पारीवरून त्या काठच्या पारीवर. पोरं मागं राहाची."

"मंग?"

"मंग एकडाव मायनं पाह्यलं..."

गाडी आली. बॅगा मी चढवल्या. दोघं खिडकीशी बसले. काकूंनी हात केला, पण काकांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. गाडी सुटता सुटता मला त्यांचा आवाज तेवढा ऐकू आला.

"मंग? मंग काय झालं?"