झालंच समजा

काम करणं आणि काम झालं असं सांगणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे ज्या राष्ट्राला उमगलं त्याची प्रगती कोणी रोखू शकत नाही. नाशिकच्या एका दाखला केंद्राचे प्रमुख खंडेराव यांना हे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात उमगलं होतं. "झालंच समजा," हे त्यांचं वाक्य ऐकून माणसं समाधानानं घरी जात (दाखला घेऊन गेल्याची माहिती उपलब्ध नाही).

म्हणूनच केंद्राचे संगणक सांभाळणाऱ्या हर्षालीनं कर्नलची, म्हणजे यंत्राच्या आतल्या मुख्य कारभाऱ्याची, कार्यपद्धती सांगितली तेव्हा खंडेरावांचा ऊर भरून आला. आपण 'जतन करा' दाबतो. कर्नल मजकूर मेमरीतल्या एका पानावर टिपून ठेवतो आणि लगेच 'झालं' म्हणतो. डिस्कवर तेव्हा काहीच लिहिलेलं नसतं. अशा पानाला जाणकार मंडळी 'मळकं पान' म्हणतात. ते डिस्कवर उतरतं ते पान फार शिळं झालं तर, अशा पानांचा ढीग साचला तर, किंवा कोणी मानेवर येऊन बसलं तर. ढीग अगदीच हाताबाहेर गेला, तर कर्नल काम आणणाऱ्यालाच ताटकळत ठेवतो.

"अहो, हा तर आपल्याच खात्यातला माणूस!" खंडेराव म्हणाले.

केंद्राच्या प्रोग्रॅममध्ये मात्र एक आगाऊ ओळ होती. दर अर्जामागे ती कर्नलला दटावायची, आधी डिस्कवर लिही, मग 'झालं' म्हण. त्यानं रांग खोळंबायची. खंडेरावांनी ती ओळ काढायला लावली.

"सर, मधेच लाइट गेली तर मेमरीतली पानं पुसली जातील ना?" हर्षालीनं विचारलं.

"यूपीएसच्या नव्या बॅटऱ्या आल्याच समजा."

रांग निम्म्यावर आली. केंद्राला तत्परतेचं प्रशस्तिपत्रक मिळालं (फ्रेम करायला द्यायचं आहे).

नर्सिंगच्या प्रवेशाला लागणाऱ्या दाखल्यासाठी अर्ज करायचा शेवटचा दिवस होता. सायखेड्याच्या कुसाबाई लेकीचा, सायलीचा, अर्ज घेऊन आल्या. पडद्यावर 'जतन झाले' उमटलं, तरी बाई खिडकी सोडेनात.

"साहेब, लिवलं ना पक्कं? पोरीनं लय कष्टानं मार्क पाडलेत. लिवल्याबिगर मी नाय हालणार."

"मावशी, यंत्र कधी खोटं बोलतं का? हे बघा, झालं. निघा आता, मागं लोक खोळंबलेत," खंडेराव म्हणाले.

बाई पायऱ्या उतरल्या आणि लाइट गेली. जुन्या बॅटऱ्यांनी एकदा शिट्टी मारली आणि मान टाकली.

लाइट आली तेव्हा मुदत संपली होती आणि सायलीचं नाव कुठंच नव्हतं. खंडेरावांना वाईट वाटलं, अगदी खरंच वाटलं. कर्नल अर्ध्या मिनिटात लिहिणारच होता, आणि अर्ध्या मिनिटाला आपल्या खात्यात दिरंगाई म्हणतच नाहीत. तसं त्यांनी कुसाबाईंना फोनवर समजावूनही सांगितलं. पुढच्या वर्षीचा प्रवेश झालाच समजा, असंही म्हणाले.



"मी उभी व्हते साहेब," कुसाबाई म्हणाल्या. "तुमीच हालवलं मला."

वाचक मोठा सहृदय असतो. अशी बाई पुन्हा कुठल्या खिडकीशी दिसली तर तिच्या बाजूनं उभं राहायचं, असं तुम्ही आत्ता मनाशी पक्कं केलंत. म्हणजे झालंच समजा; केंद्र आपलं आभारी आहे. पान उलटायला हरकत नाही.