गाळलेला हातचा

आमच्या कंपायलरने गाळलेला एक हातचा गेला महिनाभर माझ्याकडे राहत होता.

कंपायलर म्हणजे आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा. आमचा जरा पाट्या टाकणाराच आहे. अपूर्णांकांचा आधी गुणाकार करायचा, दशांशांचं शेपूट छाटायचं, मग बेरीज करायची, परत छाटायचं. शाळेत आपण हातचा बोटावर तरी धरायचो. याने सरळ टाकून दिला. पहिल्याच छाटणीत तो बाहेर पडला आणि बावधनला माझ्या दारात येऊन उभा राहिला. दारात आलेल्याला चालता हो कसं म्हणायचं?

सोसायटीचे सेक्रेटरी डोंगरेकाका लगेच वर आले.

"भाडेकरू की पाहुणा?"

"हातचा आहे, काका."

"पोलीस पडताळणी?"

"पूर्णांक नाही हो तो."

"मग नाही लागत," म्हणाले, आणि गाडी आहे का तेवढं विचारून गेले.

मी ऑफिसातून आले की तो विचारायचा, "जेवलीस का गं?" आई गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी तर मी चपला न काढता तशीच उभी राहिले. मग भात टाकला. तो खायचा शीतभर, पण समोर बसायचा.

पंचाईत अशी, की तो गळू न देणं हेच माझं काम होतं. गुणाकार आणि बेरीज एका दमात करायची, छाटणी फक्त शेवटी. ते जमलं की हातचा आपल्या जागी परत. म्हणून मी चालढकल केली. आमचे साहेब, टिळेकर सर, खवळले.

"शर्वाणी, हातचं राखून काम करतेस!"

"हो सर."

"आणि वर हो म्हणतेस?"

घरी येऊन मी साहेबांच्या नावाने बोटं मोडली. हातचा हसला नाही.

"मला जाऊ दे," म्हणाला. "इथे बरं आहे गं. पण मी कशातच धरलेला नाही."

"मी धरलाय की!"

"तू धरलंस. उत्तराने धरायला हवं."

मला रडूच फुटलं. "तुला परत जायला जागा तरी आहे, मेल्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काम संपवलं. सरांनी पेढे मागवले. सगळे पेढ्यांकडे गेल्यावर मी कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ वाकले. उत्तराच्या अगदी शेवटच्या घरात तो बसला होता, एवढासा.

"जेवलास का रे?" मी हळूच विचारलं.

उत्तर तेच राहिलं. बरोबर होतं ते.