शेट, जरा पडता का?

घोडेगावच्या स्टँडवर दोन माणसं हातघाईवर आली की बाकीचे सोडवायला धावायचे. सुदाम बोऱ्हाडेही धावायचा, पण वेगळ्याच कामाला. एकदा रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून भीमाशंकर गाडीच्या दारात दोघांची जुंपली. एकानं दुसऱ्याची गचांडी धरली, दुसऱ्यानं त्याच्या कानाखाली वाजवली. सुदाम गर्दीतून वाट काढत पुढं गेला, मारणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अदबीनं म्हणाला, "भाऊ, परत एकदा. जरा हळू."

दोघंही भांडण विसरून त्याच्याकडे बघत राहिले. मग सुदामनं त्यांना समजावून सांगितलं, की कानाखाली बसली तेव्हा मान आधी फिरली का खांदा, ते त्याला नीट दिसलं नव्हतं. चारचौघांत अशी मागणी झाल्यावर माणसाला पुन्हा हात उचलायची लाज वाटते. ते दोघं गाडीत एकाच बाकावर बसून निघून गेले. सुदाम हळहळत परत आला आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी नीट बोलला नाही.

माझं खत-बियाण्यांचं दुकान आणि सुदामचा फोटो स्टुडिओ यांच्यामध्ये एकच भिंत. असा शेजार वैऱ्यालाही लाभू नये, असं मी त्याच्या तोंडावर म्हणत असे. तो मान डोलवायचा. अंगानं काडी, आवाज मऊ. परीक्षेच्या अर्जाला फोटो काढायला आलेल्या पोरांनाही 'हनुवटी वर घ्या' असं अहो-जाहो करून सांगणारा. आणि या माणसाला उभ्या जन्मात नाद एकच, मारामाऱ्यांचा. करण्याचा नव्हे, काढण्याचा. कागदावर दोन माणसं काढायची, पुढच्या कागदावर ती किंचित सरकवायची, त्याच्या पुढच्यावर आणखी किंचित. गठ्ठा अंगठ्यानं चाळला, की माणसं एकमेकांना बदडताना दिसली पाहिजेत, आणि बघणाऱ्याच्या तोंडून 'आई गं' निघालं पाहिजे.

यासाठी लागायचा बटर पेपर. लग्नाच्या अल्बममध्ये दोन पानांच्या मधे तो पातळ कागद असतो, फोटो एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. सुदाम तो गठ्ठ्यानं आणायचा आणि त्यातला बराचसा मारामारीलाच जायचा. निगेटिव्ह दुरुस्त करायच्या काचेच्या टेबलाखाली बल्ब लावून, कागदावर कागद ठेवून तो ठोसे काढत बसे. त्या काळात आमच्या भागात झालेल्या लग्नांचे अल्बम आज उघडाल, तर नवरदेव सासूला चिकटलेला सापडेल. तो दोष नवरदेवाचा नाही.

त्याची या विषयातली मतं ठाम होती. टीव्हीवर हिंदी सिनेमातली फायटिंग लागली, की त्याचा जीव खालीवर होई. हिरोनं एक ठोसा मारावा आणि गुंडानं तीन टेबलं मोडत जावं, हे त्याला सोसत नसे. "वजन कुठाय?" तो विचारायचा. टीव्हीला विचारायचा, मला विचारायचा, गिऱ्हाईक असलं तर त्यालाही. त्याचं म्हणणं, ठोसा मारणाऱ्याचा नसतोच, खाणाऱ्याचा असतो. मारणाऱ्यानं नुसता हात न्यायचा. तो लागला का नाही हे खाणाऱ्याच्या मानेवरून, कमरेवरून आणि मागं गेलेल्या टाचेवरून कळतं. शिवाय मारायच्या आधी माणूस माघार घेतो. हात पुढं यायच्या आधी मागं जातो. जो आधी मागं गेला नाही तो ठोसा खोटा.

हे सगळं तो शिकला कुठं, तर घरात. त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, एकदा आमच्या घरी तक्रार मांडली. "ह्यांनी कधी आवाज चढवला न्हाई. पर मी भाकरी थापाया बसले, की म्होरं येऊन बसत्यात, माज्याकडं बघत. मला वाटलं, आता येवड्या वर्सांनी माया आली. तर म्हनं, थाप खांद्यातनं येती का मनगटातनं ते बघत व्हतो."

पुढं त्यानं लग्नाच्या शूटिंगसाठी व्हिडिओ कॅमेरा घेतला. मग एकेक कागद समोर ठेवायचा, बटण दाबायचं, लगेच सोडायचं. कॅमेरा काही इतका चपळ नव्हता, त्यामुळे त्याची माणसं चिखलात मारामारी केल्यासारखी दिसत. तेही चाललं असतं. पण ही चित्रं त्यानं एका कॅसेटवर घेतली आणि नंतर त्याच कॅसेटवर, चित्रांवरूनच, ओझरकडच्या एका पाटलांच्या मुलीचं लग्न घेतलं. लग्न कॅसेटपेक्षा छोटं निघालं. पाटलांच्या घरी पावणंरावळं जमवून कॅसेट लावली गेली. अक्षता पडल्या, जेवणावळी झाल्या, मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली, जीप निघाली, आणि जीपच्या मागून दोन काटकुळी माणसं येऊन एकमेकांना भिडली.

पाटील कॅसेट घेऊन स्टुडिओत आले. मी मध्यस्थीला गेलो होतो, पण वेळ आली नाही. पाटलांनी शांतपणे एवढंच विचारलं, की यातला मारणारा आमच्याकडचा का त्यांच्याकडचा. सुदामनं विचार केला आणि सांगितलं, "अजून ठरलं न्हाई."

आता माझ्याबद्दल. मी त्या काळात अंगानं चांगला भरलेला होतो. बसलो की उठायचा कंटाळा यायचा. गुडघ्यावर हात टेकून, 'अरे देवा' म्हणून, मग कमरेला धरून मी सरळ होत असे. माझ्या या देहावर सुदामचा डोळा होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो भिंतीवर टकटक करी आणि विचारी, "शेट, जरा पडता का?"

प्रतिष्ठित व्यापाऱ्याला विचारण्यासारखा हा प्रश्न नव्हे. पण शेजारधर्म म्हणून मी मागल्या पडवीत रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर पडून दाखवायचो. कधी उताणा, कधी कुशीवर. तो उकिडवा बसून बघायचा. पडलो की म्हणायचा, "आता उठा. घाई नको." मी सावकाश उठायचो आणि मी पडताना तो बघायचा त्याहून जास्त लक्ष देऊन बघायचा. मला वाटे, बिचारा माणुसकीनं बघतोय, मला कुठं लागलं का ते.

असं बरेच दिवस पडल्यावर मी एकदा चिडून विचारलंच, की तुला हे खूळ लागलं कुठून. त्यावर त्यानं सांगितलं ते कारण मला अर्धं माहीत होतं. त्याचा थोरला भाऊ मारुती पैलवान. शिनोलीत असतो. एके काळी आमच्या पट्ट्यातल्या यात्रांमध्ये मानाची शेवटची कुस्ती मारुतीची असायची. वरच्या अंगाच्या एका गावच्या यात्रेत समोरच्यानं त्याला ढाक मारली, म्हणजे बगलेत धरून उचलून फेकला, तो असा पडला की पाठीच्या मणक्याला लागलं. कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून मारुती खाटेवर होता.

मला माहीत नसलेलं अर्धं असं, की ती कुस्ती नुरा होती अशी बोलवा उठली होती. नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली. ठरवून पडायला गेला आणि चुकून जोरात पडला, असं लोक पारावर बसून हसत सांगायचे. मारुतीला स्वतःला त्या पडण्यातलं काही आठवत नव्हतं. सलामी झाली इथवर आठवायचं, मग एकदम दवाखान्याचं छत. खाटेवर पडल्या पडल्या तो भावाला म्हणाला होता, "पाय गेलं त्याचं न्हाई. पर मी पडलो कसा, ते मला एकदा बगायचंय."

आणि सुदाम तिथंच, आखाड्याच्या कडेला, फोटो काढायला उभा होता. नेमका तेव्हा तो खाली मान घालून कॅमेऱ्यात नवा रोल भरत होता. त्यानं मान वर केली तेव्हा भाऊ खाली पडलेला होता.

म्हणून तो ती कुस्ती काढत होता. ती पाहिलेल्या प्रत्येक माणसाकडे तो जाऊन आला होता. प्रत्येकानं वेगळं करून दाखवलं. मग त्यानं ठरवलं, माणसं चुकतात, वजन चुकत नाही. अमुक वजनाच्या माणसाला असं धरलं, असं उचललं, तर तो कसा पडेल हे शोधून काढायचं. ऐकून माझी चीड गेली. मी म्हटलं, सांग, कधी पडू. हे मी म्हणायला नको होतं, कारण त्यानंतर एका दुपारी मी पडवीत बेसावध उभा असताना त्यानं आणि माझ्याच हमालानं मिळून मला पोत्यांवर ढकलून दिलं. मी काही दिवस अबोला धरला. पण सुदामला हवं ते सापडलं होतं. सांगून पडताना, म्हणजे नुरा कुस्तीतल्यासारखं, माझा हात दर वेळी आधी खाली जायचा, पोत्याला टेकायचा, मग अंग पडायचं. ढकलला गेलो तेव्हा मी हमालाचा सदरा शेवटपर्यंत सोडलाच नव्हता. सदरा फाटला होता. तो फाटका सदरा सुदामनं स्टुडिओत खुंटीला लावून ठेवला.

मग कॉम्प्युटर आला. जुन्नरचे इकबालभाई आधी रेडिओ दुरुस्त करायचे, पुढं कॉम्प्युटर जोडून द्यायला लागले. त्यांनी सुदामला एक जोडून दिला आणि बजावलं, की यावर लग्नाचं मिक्सिंग करा, चार पैसे सुटतील. सुदाम मिक्सिंग करायचाही, पण लोडशेडिंगच्या त्या दिवसांत लाइट असेल तेवढा वेळ आधी कुस्तीला. बटर पेपरवरची चित्रं एकेक करून आत चढवायची, हात किंचित वाकवायचा, चालवून बघायचं. मध्येच लाइट जायची. मग भिंतीपलीकडून आवाज यायचा, "शेट, लाइट गेली. दादा हवेतच हाय." मी वजनकाट्यामागं बसून त्याला धीर द्यायचो, की येईल, लाइट येईल.

काम पुरं झालं तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. आम्ही दोघं सीडी घेऊन शिनोलीला गेलो; मारुतीच्या खाटेशेजारी बसणं-उठणं मला नवं नव्हतं. दुपारची वेळ. मारुतीला भिंतीला टेकवून बसवलेलं, अंग वाळलेलं, पण पैलवानी चुरगळलेले कान तसेच. सुदामनं टीव्ही लावला. मी खाटेशेजारी जमिनीवर बसलो. सुदामनं रिमोटचं बटण दाबलं.

दोन पैलवान आले. चेहरे नव्हते, नुसती अंगं. पण त्यातल्या एकानं डावा पाय पुढं टाकला आणि मारुती खाटेवर सरसावला. सलामी झाली, हातानं हात अजमावत खडाखडी झाली. समोरच्यानं मान बगलेत धरली, कंबर खाली गेली, आधी माघार, मग ती ढाक. अंग वर उचललं गेलं आणि खाली आलं. काही आवाज नव्हता, पण माझ्या तोंडून 'आई गं' निघालं. पडणाऱ्याच्या दोन्ही मुठी शेवटपर्यंत समोरच्याच्या अंगाला धरून होत्या.

मारुतीनं टीव्हीवरच्या त्या मुठींकडे बोट केलं. मग म्हणाला, "हात न्हाई टेकला."

"न्हाई टेकला, दादा," सुदाम म्हणाला.

मारुतीनं डोळे पुसले. मलाही आवरलं नाही, ते मी लपवत नाही. मला वाटलं संपलं. पण टीव्ही चालूच होता. खाली पडलेला पैलवान हलला. कुशीवर वळला. तळहात मातीला लावला, एक गुडघा उभा केला, त्या गुडघ्यावर हात टेकला, थांबला, दम घेतला. मग दुसऱ्या हातानं कंबर धरून हळूहळू सरळ झाला. त्यानं वाकून माती कपाळाला लावली आणि तो आपल्या पायांनी आखाड्याबाहेर चालत गेला. त्या चालण्यात, त्या उठण्यात, सगळं वजन होतं.

खोट्या ठोशाला आयुष्यभर नाक मुरडणाऱ्या माणसानं एवढं एक धडधडीत खोटं काढलं होतं, आणि ते काढायला त्याला पडणं काढण्यापेक्षा जास्त वर्षं लागली होती. मी त्या पडवीत कशासाठी सावकाश उठत होतो, ते मला तेव्हा कळलं.

मारुती टीव्हीकडे बघत होता, मग त्यानं माझ्याकडे बघितलं, पुन्हा टीव्हीकडे. "सुदाम, ह्ये मी न्हाई रं," तो म्हणाला. "ह्ये तर शेट उठत्यात."

सुदामनं मान खाली घातली. "दुसरं कोन व्हतं, दादा, उठून दाखवाया?"

मारुतीला हसू फुटलं. खाट हलेपर्यंत तो हसला, मग हसू थांबलं. "चालंल," तो म्हणाला. "उठलो न्हवं का."

त्यांनी ती सीडी पुन्हा लावली, मग पुन्हा. चहा झाला. परतीच्या गाडीची वेळ झाली तसा मी निघायला म्हणून हललो. तळहात जमिनीला लावला, गुडघा उभा केला, आणि लक्षात आलं, की टीव्ही तसाच सोडून दोघंही भाऊ माझ्याकडे बघतायत. मी गुडघ्यावर हात टेकला आणि दम घेतला. गाडी चुकली असती तरी मी घाई केली नसती.