गोदावरीला परमनंट करण्यास हरकत नसावी

"...लग्न झालं म्हणून लगेच परमनंट होत नसतं, बाई. आधी दोन वर्षं टेंपररी. तेवढ्यात त्यांना पटलं तर ठीक, नायतर मग..."

आणि नेमकी त्याच वेळी आमची पाण्याची मोटार सुरू झाली.

आता आमच्या पुंडलिकनगरात नळ येतो आठव्या दिवशी. अशा दिवशी माणूस मोटार बंद करून शेजारचं बोलणं ऐकेल का? (मी बंद करायला खाली पळालो होतो. पण जिन्यात आमची ही कळशी घेऊन उभी होती.) परत वर येईतो शेजारच्या गच्चीवर तात्यासाहेबांच्या मनकर्णावहिनी हे बोलणं संपवून, फोन ठेवून पापड उलटवायला लागल्या होत्या.

मी लोकांच्या घरात कान घालतो, असा गल्लीत माझ्यावर आरोप आहे. तो खोटा आहे. आमची आणि तात्यासाहेबांची भिंत एक, गच्चीला गच्ची लागून, आणि वहिनी फोन कायम स्पीकरवर टाकतात. यात मी कान घालायचा प्रश्न येतो कुठं? ते आपले आपणच जातात.

तात्यासाहेबांची गोदावरी आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली पोरगी. चार वर्षांपूर्वी स्टुडंट व्हिसावर ऑस्ट्रेलियात शिकायला गेली आणि तिथं तिला बिडकीनचा बन्सी भेटला. (बिडकीन इथून मोटारसायकलवर पाऊण तास. पोरगी समुद्र ओलांडून त्याच्यापर्यंत पोचली.) बन्सीला तिथं जाऊन नऊ वर्षं झालेली, तो तिथलाच झालेला. मागच्या वर्षी दोघं इथं आली, बीड बायपासच्या मंगल कार्यालयात दणक्यात लग्न झालं, महिनाभर तात्यासाहेबांकडं राहिली आणि परत गेली.

आणि आता म्हणे टेंपररी!

हा शब्द मला लई लागतो. मी कॉलेजात प्रयोगशाळेतला शिपाई. तेरा वर्षं टेंपररी होतो. दर अकरा महिन्यांनी साहेब एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं हजर करून घ्यायचे. बन्सीसुद्धा गोदाला दर अकरा महिन्यांनी एक दिवस माहेरी धाडणार की काय? विमानाचं तिकीट काढून?

मी खाली उतरलो. कुणाला सांगायचं नाही, असं पायरीवरच ठरवलं होतं. (बायकोला सांगणं हे सांगण्यात धरत नाहीत.)

"आशा, गोदाला टेंपररी घेतलंय."

"कुठं? बँकेत?"

"लग्नात!"

"अहो, लग्नात कोण टेंपररी घेतं?"

"बन्सीनं घेतलं. दोन वर्षं बघणार. पटली तर परमनंट."

"मला अशी सवलत कुणी दिली नाय," ती म्हणाली आणि कळशी माझ्या हातात देऊन गिरणीवर गेली. जाताना दळणाबरोबर बातमीपण घेऊन गेली. संध्याकाळी तीच बातमी समोरच्या आवडाबाईंनी मला सांगितली. तोवर त्यात बन्सीनं स्टँप पेपरवर सही घेतली होती.

चौथ्या दिवशी तात्यासाहेब दारात. सोयगावकडची जमीनदार मंडळी, आवाज असा की आमच्या मांडणीतली भांडी हलतात. मी आधी मागच्या दाराची कडी काढून ठेवली, मग पुढचं दार उघडलं.

"त्रिंबकराव, तुमच्याकडं काम हाय."

"मी कुणाला काय बोललो नाय!"

"बोलायचंच हाय. गोदाच्या व्हिसाची फाईल अडकलीय. तिकडच्या ऑफिसला शंका हाय, लग्न खरं हाय का नुसतं तिथं राहण्यापुरतं लावलंय. ओळखीच्या माणसाचं पत्र पायजे. आमच्या घरात काय शिजतं, हे तुमच्याइतकं या गल्लीत कुणाला ठाऊक नाय." एवढं बोलून ते एकदम हळू झाले. त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "फाईल फेटाळली तर पोरीला सामान बांधून यावं लागंल. अन् जावई राहील तिकडं."

मी त्याच बैठकीत लिहायला घेतलं. नववीपर्यंत शिक्षण, पण साहेबांच्या टेबलावरचे अर्ज तीस वर्षं वाचलेत. चार पानं लिहिली. हळद, मांडव, वरातीत घोडी बसली ती, सगळं. आणि वजन यावं म्हणून शेवटी लिहिलं: 'सध्या सदर लग्न दोन वर्षांकरिता टेंपररी असल्याचे कळते. तथापि सदर मुलगी कामसू, वक्तशीर व निर्व्यसनी असून तिला परमनंट करण्यास हरकत नसावी.'

आणखी एक वाक्य लिहिलं. त्याचा मला फार अभिमान होता. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहायचं, ही आपली रीत. बन्सीनं 'रेवा' लिहिलं होतं. म्हणून मी लिहिलं: 'त्या दिवसापासून आमची गोदावरी राहिली नाही. आता बन्सी रेवासोबत सुखाने नांदत आहे.' लिहिताना माझेच डोळे भरून आले.

इंग्रजी केलं कोर्टाजवळच्या फकिरा टायपिंगवाल्यानं. तो मोबाइलला विचारून इंग्रजी करतो. 'गोदावरी राहिली नाही'चं मोबाइलनं केलं 'गोदावरी इज नो मोअर'. मी आणि फकिरानं ते दोनदा वाचलं आणि दोघांनी छान झालंय म्हणून मान हलवली.

आठवड्यानं तिकडून उत्तर आलं. तात्यासाहेब ते घेऊन आले तेव्हा मला मागच्या दारापर्यंत पोचताच आलं नाही.

"ऐका!" ते गरजले. "कुमारी गोदावरी यांच्या निधनाबद्दल आम्हाला दुःख वाटतं. मृत्यूचा दाखला पाठवा. रेवा ही बन्सीची दुसरी बायको हाय का, ते कळवा. लग्न दोन वर्षांपुरतं असल्याचं साक्षीदारानं स्वतः कबूल केलंय, त्याचा खुलासा करा. त्रिंबकराव, माझी जिती-जागती लेक मारली तुम्ही!"

मागं मनकर्णावहिनी उभ्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "भावजी, ती लहानपणी ताप आला की तुमच्या मांडीवर झोपायची." मला जमिनीत जावंसं वाटलं.

शेवटी ऑफिसनं सांगितलं, साक्षीदाराला व्हिडिओवर बोलवा. सकाळी सात वाजता मी इस्त्रीचा शर्ट घालून तात्यासाहेबांच्या दिवाणखान्यात बसलो. पडद्यावर एक गोरी अधिकारी बाई, एक मराठी समजावून सांगणाऱ्या मॅडम आणि कडेला गोदा आणि बन्सी. गोदाचा चेहरा एवढासा झाला होता.

मॅडम म्हणाल्या, "गोदावरी यांचं निधन कधी झालं?"

"निधन कसलं? ती काय, तुमच्या शेजारी बसलीय!"

"या रेवा आहेत ना?"

"रेवाच गोदावरी."

"मग गोदावरी कुठे आहेत?"

"तीच रेवा!"

"म्हणजे दोघी एकाच घरात राहतात?"

"काका," गोदा पडद्यातून ओरडली, "तांदळाचं सांगा!"

मी तांदळाचं सांगितलं. मॅडमनी बाईंना सांगितलं. बाईंनी काहीतरी विचारलं.

"त्या म्हणतात, नाव बदलल्याचा पुरावा?"

"तांदूळ."

"ते तांदूळ आता कुठे आहेत?"

"बाई, वर्ष झालं. त्याची खिचडी झाली असंल."

तात्यासाहेबांनी कपाळावर हात मारला. तो आवाज ऑस्ट्रेलियापर्यंत गेला.

"आणि लग्न टेंपररी आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी मनकर्णावहिनींकडं बघितलं. मग खरं ते बोललो. "अर्धं ऐकलं होतं. पुढं मोटार सुरू झाली."

मॅडमना मोटारीचं इंग्रजी करायला बराच वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "हे नातं खरं आहे, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

पत्रातलं सगळं मी विसरलो. जे दिसलं होतं तेच तोंडातून निघालं. "बन्सीला कारलं आवडत नाय. लग्नानंतर महिनाभर हितं होता, तवा सासूबाईंनी कौतुकानं चारदा कारलं केलं. तो त्यांची नजर चुकवून आपली भाजी गोदाच्या ताटात सरकवायचा. ती मुकाट खायची. बाई, तिला बी कारलं आवडत नाय. लहानपणी आमच्या कुंडीत आणून टाकायची."

पडद्यावर बन्सीनं गोदाकडं असं बघितलं, की ही गोष्ट त्याला आत्ताच कळतेय हे दिसलं. गोदानं डोळ्याला ओढणी लावली. मनकर्णावहिनी म्हणाल्या, "अगं बाई, मग बोलायचं की!"

मॅडमनी सगळं सांगितल्यावर गोरी बाई पहिल्यांदा हसली. तिनं मान खाली घालून बराच वेळ लिहिलं.

महिन्यानं व्हिसा मंजूर झाला. तात्यासाहेब पेढे घेऊन आले.

"लग्न पक्कं हाय, त्रिंबकराव. व्हिसा तेवढा टेंपररी. दोन वर्षांनी फाईल परत बघतेत अन् मग पोरगी तिथली परमनंट."

"म्हणजे अर्धं तर मी बरोबरच ऐकलं होतं!" मी म्हणालो. (त्यांनी हातातला दुसरा पेढा परत डब्यात ठेवला.)

"ते राहू द्या. बाईनं तुमच्याबद्दल बी लिहिलंय." त्यांनी चष्मा चढवून कागद वाचला. "ताटातली भाजीसुद्धा ठाऊक असल्यानं सदर साक्षीदार मुलीच्या वडिलांच्याच घरात राहतो, असं दिसतं. म्हणून त्याची साक्ष भरवशाची धरली. आता ते खोडायला जाऊ नका. फाईल परत उघडंल."

मी ही गंमत सांगायला आत गेलो. आमची ही ओट्याशी भाकरी थापत होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उतरवली आणि गॅस बंद केला.

"सरकारी कागदावर आलंय ना? मग आजपासून जेवायला तिकडंच बसत जा. आज वहिनींनी कारलं केलंय."