माप कोनाचं?

साकोलीच्या स्टँडवर एकदा नागपूरची बस दहा मिनिटं अडून राहिली. टायर बसला नव्हता की ड्रायव्हर चहाला गेला नव्हता. दौलत मास्तर दारात उकिडवे बसून बसच्या पायरीचं माप घेत होते. गळ्यातली टेप त्यांनी जमिनीपासून पायरीपर्यंत ताणली, आकडा दोनदा पाहिला, कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहिला आणि मान वर करून कंडक्टरला विचारलं, "माप कोनाचं घेतलं होतं?"

कंडक्टरला वाटलं, टेलर माणूस आहे, आपल्या खाकी शर्टाबद्दल विचारतोय. माझंच, म्हणाला, भंडाऱ्याला शिवला. मास्तरांनी कपाळावर हात मारला. डोक्यावर टोपलं, कडेवर पोर आणि नेसणीला लुगडं असलेली बाई या पायरीवर चढणार कशी, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. कंडक्टरने त्यांना दंडाला धरून बाजूला केलं आणि डबल बेल मारली.

त्यांचं शिलाईचं दुकान हायवेला लागून होतं आणि माझं रेडिओ-पंख्यांचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचे दिवस असतील. गावात कुठलीही नवी वस्तू आली की मास्तर टेप घेऊन हजर. शाळेत नवे बाक आले तेव्हा चौथीच्या बाकात स्वतः बसून पाहिलं, गुडघे अडकले, दोन गुरुजींनी ओढून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर आधी गुडघे नाही चोळले, वही काढली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आम्ही वीतभर झंपर शिवायचं तरी बाईचं माप घेतो. या कंपन्या हजारांनी वस्तू काढतात, त्यांनी कुणाचं तरी माप घेतलंच असणार. ते कोण, तेवढं सांगा.

ऐकायला बरं वाटतं. पण हा माणूस दिवसभर तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसला तर काय होतं, ते मला विचारा. गिऱ्हाईक रेडिओला हात लावतंय तोवर हे म्हणणार, आकडे एवढे बारीक, म्हाताऱ्यानं स्टेशन कसं लावावं? एकदा नागपूरच्या एजन्सीचा माणूस प्रेशर कुकर दाखवायला आला. तुमसर, सिहोरापर्यंत विकतो म्हणे. पंधरा-वीस बाया जमल्या, शिटी झाली, भात मोकळा निघाला, मी मनात गिऱ्हाइकं मोजू लागलो. तेवढ्यात मास्तरांनी विचारलं की यातून पेज कुठून काढायची. एजन्सीवाला हसून म्हणाला, पेज निघतच नाही काका, सगळं सत्त्व भातातच राहतं.

"मंग गाईले का कुकर चाटाले देऊ?" मास्तर म्हणाले.

आमच्या धानाच्या मुलखात भाताची पेज आधी गाईच्या घमेल्यात जाते, मग माणसं जेवतात. बाया एकमेकींकडे पाहून हसल्या आणि उठल्या. त्या दिवशी एकही कुकर गेला नाही. मी मास्तरांशी आठवडाभर बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हे जास्त लागलं.

मग एका सकाळी ते माझ्या दुकानात आले आणि टेपला हात न लावता उभे राहिले. कानाची मशीन मिळते म्हणतात, ते खरं का, असं विचारलं. अनुसयाकाकूंसाठी हवी होती. काकू म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी मुदतीच्या तापात त्यांचे कान गेले होते. पूर्ण नाही, पण मागून हाक मारली तर ऐकू येत नसे. हे मला ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते मास्तरांनी बोटाने दाखवलं. घर हायवेच्या अलीकडे, गोड्या पाण्याची विहीर पलीकडे. काकू दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडत, आणि कलकत्त्याकडचे ट्रक त्या रस्त्याने सुसाट येत. मास्तरांनी स्वतः पाणी आणून पाहिलं होतं, तर विहिरीवरच्या बाया हसल्या आणि काकूंनी भर रस्त्यात त्यांच्या हातातला पाण्याचा गुंड हिसकावून घेतला.

मी नागपूरच्या त्याच एजन्सीकडून मशीन मागवली. काड्यापेटीहून जरा मोठी डबी, मागे खिशाला अडकवायची पट्टी, आणि एक वायर कानात जाणारी. सोबतच्या पुस्तकात कोट घातलेला एक गोरागोमटा साहेब खिशात डबी ठेवून हसत होता. मास्तर त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले.

"सापडला," ते म्हणाले. "याचंच माप घेतलं."

काकूंना खिसाच नव्हता. डबी कमरेला खोचली तर लुगड्याच्या घड्या घासून कानात खरखर. मास्तरांनी कात्री घेतली. डाव्या खांद्यावर खिसा शिवला, तर त्यावर पदर. उजवीकडे शिवला, तर त्याच कडेवर गुंड. पाठीवर वायर पुरेना. एक-एक झंपर उसवत आठ दिवस गेले. राहिली ती छातीवरची मधली जागा. तिथे मात्र काकूंची काळी पोत होती. मंगळसूत्राचे ते मणी चालताना डबीवर आपटत, आणि डबी तो आवाज दहापट करून कानात घाली. कानात कुणी चणे फोडतंय असं वाटतं, काकू म्हणाल्या. त्या आवाजात हॉर्न कुठला ऐकू येणार.

मास्तर शिंप्याच्या हिशोबाने सहज बोलून गेले, पोत काढून ठेव.

काकूंनी मशीनच काढली आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवली. चार दिवस घरात बोलणं बंद. नवरा जिता असताना पोत काढायला सांगतो, ही बातमी विहिरीवर गेली आणि तिथून गावभर झाली. माणूस सरकलेला होताच, आता कामातूनच गेला, असं लोक म्हणू लागले. मीही म्हणालो. मशीन माझ्या दुकानातून गेली होती आणि मला बोल नको होता.

पाचव्या दिवशी दुपारी तेंदूपत्त्याच्या पोत्यांनी लादलेला ट्रक आला. मी गल्ल्यावर होतो. नाक्यापासून हॉर्न वाजत होता. काकू कडेवर गुंड घेऊन रस्त्याच्या मधोमध चालल्या होत्या, सावकाश, पाणी सांडू नये म्हणून. मास्तरांची शिलाईची मशीन थांबली. ते ओरडले, मीही ओरडलो. ओरडून काय उपयोग, हे ओरडताना कळत होतं. ब्रेकचा तो आवाज मी अजून विसरलो नाही. ट्रक तिरपा होऊन थांबला तो काकूंपासून हातभर अंतरावर. गुंड पडून गडगडत गेला. काकूंनी तो उचलला आणि हॉर्न का देत नाही म्हणून ड्रायव्हरलाच झापलं.

मास्तर रस्त्यापर्यंत पोचले आणि तिथेच खाली बसले. त्या दिवशी त्यांना सुईत दोरा ओवता येईना. मी ओवून दिला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एजन्सीवाला माझ्याकडे आला. मास्तर पायरीवर होतेच. हे काही बोलले आणि एजन्सी गेली, तर दुकानात पंख्यांची धूळ तेवढी उरणार होती. मास्तरांनी शांतपणे सगळं सांगितलं. खिसा, पदर, गुंड, मणी. तो म्हणाला, काका, मशीनमध्ये दोष नाही, वापरण्यात आहे. बाईंना सांगा, मशीन लावताना गळ्यात काही घालायचं नाही.

मास्तर उठले. मला वाटलं, आता हात उचलणार. त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि आतून काळी पोत बाहेर काढली. सोन्याचे दोन मणी, मध्ये डोरलं. त्यांच्या स्वतःच्या गळ्यात.

"काढली तिनं," ते म्हणाले. "खुंटीले टांगली त अपशकुन, डब्यात ठेवली त अपशकुन. मी म्हनलो, माह्या गळ्यात घाल. माह्याच नावाची हाये ना. आता ती रस्त्यानं जाते तवा मशीन तिच्याजवळ अन् पोत माह्याजवळ. लोकं हासतेत. हासू दे. पन तुह्या कंपनीले जाऊन सांग, का साकोलीच्या एका म्हाताऱ्यानं तुमच्या डबीसाठी बायकोचं मंगळसूत्र घातलं."

एजन्सीवाल्याने बॅगेतून डायरी काढली, उघडली आणि काही न लिहिता मिटली. कळवतो म्हणाला. कंपनीकडून कधीच काही आलं नाही, आणि पुढच्या खेपेला आलेल्या डबीच्या पुस्तकातही तोच साहेब हसत होता. माझी एजन्सी टिकली. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही, आता वाटते.

महिन्याभराने काकूंच्या मशीनचे सेल संपले, ते द्यायला मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्या घरात कोण काय बोललं ते गेली दोन वर्षं सगळ्या गल्लीला ऐकू जाई, कारण मास्तरांना बायकोशी बोलायचं तर ओरडावं लागे. आणि माणूस किती ओरडणार? मीठ दे, दार लाव, पाणी तापलं, एवढंच ओरडून सांगता येतं. बाकीचं सगळं मनात राहतं. दिवसभर ते माझ्या पायरीवर येऊन का बोलत बसायचे, हे मला त्या दारात उभं राहिल्यावर कळलं.

दोघं अंगणात बसले होते. संपत आलेल्या सेलवर मशीन अजून कशीबशी चालत होती. ती काकूंच्या छातीवर होती आणि पोत मास्तरांच्या गळ्यात. रस्ता ओलांडायचा नव्हता, पाणी भरून झालं होतं, तरीही. मास्तर सवयीने मोठमोठ्याने काही सांगत होते, त्यांच्या आईच्या शेवटच्या दिवसांतलं काहीतरी, जे ताप आला तेव्हापासून सांगायचं राहिलं होतं. काकूंनी डबीवर हात ठेवला.

"हळू बोला जी," त्या म्हणाल्या. "ऐकू येऊन राहिलं मले."

मास्तर थांबले. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली, इतक्या हळू, की मला दारातून एक शब्दही ऐकू आला नाही. मी सेल उंबऱ्यावर ठेवले आणि परत आलो.