गोंदोपंत मोजणीदारांचा लांबलेला कडेलोट

श्रीसूर्यनारायण अंतर राखोन प्रसन्न. शके सोळाशें नव्वद, ते समयीं मंगळाचे पलीकडे व बृहस्पतीचे अलीकडे, धोंड्यांचे गर्दींत एक राज्य होते. तेथील एक वर्ष म्हणजे आपली साडेचार, दिवस-रात्र मिळोन साडेबारा घटका, आणि भुई कोळशासारखी काळी, अंगभर खड्डे. महाराज आपणांस ग्रहाधिपती म्हणवीत. मग महाराजांनी मोजणीदार गोंदोपंतांस आज्ञा केली की, राज्य किती वाटोळे ते सांगावे. आणि पंत साखळी घेऊन सगळे राज्य फिरले आणि भर दरबारांत अर्ज केला की, लांबी पांच कोस, रुंदी तीन, आकार रताळ्याचा, यास ग्रह म्हणता येत नाही. महाराज कोपले, शब्द मागे घे म्हणाले. पंत बोलिले, "शब्द मागे घेतों, महाराज. आकार कसा घ्यावा?" मग कडेलोटाचा हुकूम जाहला. प्याद्यांनी पंतांस कड्यावरोन ढकलिले; परंतु त्या भुईस ओढ इतकी थोडी की दगडासही पडावयाचा कंटाळा. पंतांनी डोळे मिटोन विष्णुसहस्रनाम आरंभिले, ते शेवटास नेले, आणि डोळे उघडितात तो अद्याप अर्धा कडा बाकी. मग पायांवर उतरले, धूळ झटकिली, आणि वर येऊन मुजरा केला. दरबारांत कोणी फिस्सकन हसले. महाराज म्हणाले की, चार मल्ल लावा आणि या खेपेस नीट फेका.

मल्लांनी झोका देऊन भिरकाविले, आणि पंत पडले खरे, परंतु ते जितके पडत तितकी भुई खाली वळत गेली, आणि सहा घटकांनी राज्यास वळसा घालोन पंत दरबारावर आले आणि ओरडले की, मोजणींत चूक जाहली. महाराज हर्षले. "रताळे नव्हे ना?"

"रताळेच. लांबी पावणेपांच."

दुसरे फेरीस मात्र पंतांचा धीर सुटला. "पाया पडतों, महाराज, उतरवोन घ्या. वाटोळे म्हणतों. अगदी लाडवासारखे म्हणतों." परंतु तोंवर महाराजांनी विचार केला होता की, ज्याचे भोवती चंद्र फिरतो तो ग्रहच. महाराज शांतपणे बोलिले, "पंत, चंद्र उतरत नसतो." मग पंतांचे कुटुंब सगुणाबाई पदर खोचोन आल्या, "अहो, निदान खाऊन तरी घ्या," म्हणाल्या, आणि भाकरी वर फेकिली. बाईंचा हात भारी. भाकरीही फिरू लागली, आणि महाराजांचे बिरुदांत द्विचंद्र हा शब्द चढला.

एणेप्रमाणे राज्य ग्रह ठरले. पंतांचे पुढे अडीच हात भाकरी चालते आहे. पंत पाहतात.