देवीचे लाडवाची पारख

श्रीदेवीचे चरण स्मरोन, खोटे लिहिले तर लेखणी झडो. शके सोळाशे एकोणऐंशी, ईश्वरनाम संवत्सरी, एका राज्यात डोंगरावरील देवीचे नैवेद्यावरून जे वर्तले ते येणेप्रमाणे.

नूतन दिवाण विसाजीपंत यांस एक वाक्य बोलण्यात लाभ काय, तो आधी सांगणे. देवस्थानाचा कारभार, डोंगराखालील चाळीस गावे, जुने दिवाण राघोपंत यांचे तोंड काळे, आणि धर्मरक्षक हे बिरूद वरकड. खर्च म्हणाल तर जीभ हलविण्याइतका. मग त्यांनी भर दरबारी जीभ हलविली की, "राघोपंतांचे अमलात देवीचे लाडवांचे तुपात चरबी होती." सभेने कानांवर हात ठेविले आणि बोटांत फट ठेवून ऐकिले. राघोपंत बोलिले, "चरबी आमचे तुपात नाही, तुमचे डोळ्यांवर आली आहे." आणि दोन तट पडले, आणि महाराजांनी मुदपाकाचे आचारी दादंभट यांस बोलाविले.

दादंभट बत्तीस वर्षे देवीचे लाडू वळीत आले. रीत ऐसी की, आचाऱ्याने नाकातोंडास फडके बांधावे, देवीचे आधी वासही घेऊ नये. घेतला तर नैवेद्य उष्टा आणि आचारी बाद. विसाजीपंतांनी पुसिले, "तुपास घाण येत होती ना, भटजी?"

"वास घेतला नाही, सरकार."

राघोपंत पुढे सरसावले. "म्हणजे शुद्ध होते!"

"चाखिलेही नाही."

महाराज हसले. "अहो, मागाहून प्रसाद तर खात होता?"

"प्रसाद म्हणून खाल्ला, महाराज. आईचे हातचे खाताना पारख कोण करितो?"

मग हुकूम जाहला की, जुने तुपाचे रांजण कोठीत शिल्लक आहेत, त्यांचे लाडू वळावे, दादंभटांनी चाखून सांगावे, तोवर नैवेद्य बंद. दादंभट म्हणाले, आधी देवीस दाखवितो, मग चाखितो. विसाजीपंत म्हणाले, संशयाचे अन्न देवीस दाखवावे कैसे, आधी चाखा. चाखिले तर उष्टे, न चाखिले तर संशयी. आणि शास्त्रीमंडळी या गाठीवर वाद घालीत बसली, आणि एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसराही गेला, आणि गाभाऱ्यात रिकामे ताट. दादंभटांस घास उतरेना. बायको गोदूबाई म्हणाली, "दोन्ही दिवाण दोन्ही वेळा जेवतात, आणि उपाशी तेवढी देवी! हा कुठला न्याय हो?"

चौथे दिवशी सकाळी दादंभट सर्वांसमक्ष उभे राहिले, फडके सोडिले, लाडू फोडून हुंगिला, मग जिभेवर ठेविला, आणि डोळ्यांस धारा लागल्या. म्हणाले, "साजूक आहे हो. लोणकढे तूप आहे. आता तरी तिला जेवू घाला."

परंतु तोवर दोन्ही दिवाणांचा आतून समेट जाहला होता. विसाजीपंत ओरडले, "देवीचे आधी चाखिले! रीत मोडणाऱ्याची साक्ष कसली?" दादंभटांनी राघोपंतांकडे पाहिले. ते छताची नक्षी पाहात होते. मग लाडू नदीत सोडिले, मुदपाक गोमूत्राने धुतला, दादंभट बाद जाहले, आणि नवे आचाऱ्याने त्याच रांजणांतील तुपाचे लाडू वळिले, ते देवीस दाखविले, कोणी काही पुसिले नाही.

एकूण झाडा ऐसा. विसाजीपंतांस देवस्थान पावले, राघोपंतांस एक किल्ला पावला, महाराजांस झोप पावली. यात्रेकरू पूर्वी प्रसाद कपाळास लावीत, ते आता आधी नाकास लावितात. गोदूबाई पान वाढून हाक मारिते तर दादंभट उंबऱ्यावरूनच पुसतात, "तिचं झालं का गं?" आणि ती वाढिलेले पान झाकून ठेविते. भोगिले ते दोघांनीच: देवीने तीन दिवस, आणि दादंभटांचे अद्याप चालूच आहे.